दख्खनच्या पाषाणातील मॅग्नेटाइट : एका शिखराचे दोन अर्थ

वाशिम परिसरातील ओढ्याच्या काळ्या वाळूत साधा लोहचुंबक फिरविला, तर त्यास चिकटून येणारे कण बहुतांशी टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइटचे असतात. हा जिल्हा जवळजवळ सर्वस्वी बेसाल्टवर वसलेला असल्याने स्फटिकजालकाच्या विकृतीचा अभ्यास येथील विद्यार्थ्यास परदेशी नमुन्यांवाचून अडण्याचे कारण नाही. मात्र या कणांच्या शीत तपमानातील वर्तनाविषयी एक सैल वाचन वरचेवर आढळते. त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लिखिते, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी १९६५ मध्ये खडकांचा हिस्टेरिसिस-वक्र काढणारे उपकरण वर्णिले. पुढे १९७० मध्ये राधाकृष्णमूर्ती व लिखिते यांनी बेसाल्टची चुंबकीय प्रवृत्ती तपमानानुसार कशी बदलते याचा त्या वक्राशी संबंध जोडला. द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेला खडक हळूहळू उबदार होत असता सुमारे १३० अंश केल्व्हिनपाशी प्रवृत्ती शिखर गाठते. ही मोठ्या, बहुडोमेनी मॅग्नेटाइटची खूण. अल्प साधनांनी एवढे हाती लागावे, हे त्या कार्याचे यश निःसंशय मोठे आहे.

परंतु या शिखरासच ‘व्हरवाय संक्रमण’ म्हणणे चूक आहे. शिखरापाशी जालक घनीयच असते. केवळ स्फटिकाच्या विषमदिकतेचा पहिला स्थिरांक शून्यातून जाऊन चिन्ह पालटतो आणि डोमेनभिंती सैल होतात. जालकाची खरी विकृती त्याच्या खाली, सुमारे १२० अंशांवर घडते. तेथे घनीय रचना एकनत होते आणि विद्युत्‌रोध सुमारे शतपट वाढतो. वक्राची उभी चढण या विकृतीची, शिखर विषमदिकतेचे. दोहोंत जेमतेम दहा अंशांचे अंतर असल्याने घाईने घेतलेल्या वाचनात ती एकरूप दिसतात.

व्हरवाय यांनी १९३९ मध्ये द्विसंयुजी व त्रिसंयुजी लोह-आयनांची क्रमबद्ध मांडणी सुचविली. विकृत रचनेचा संपूर्ण उलगडा व्हावयास २०१२ साल उजाडले. सेन, राइट व अ‍ॅटफिल्ड यांनी एका सूक्ष्म स्फटिकावरून दाखविले की ती कल्पना प्रथम अदमासापुरतीच खरी. इलेक्ट्रॉन एका आयनावर न राहता सरळ रेषेतील तिघांवर पसरतो आणि टोकाचे दोघे मधल्याकडे ओढले जातात. तथापि रचना कळली म्हणजे कारण कळले असे नव्हे. आधी विद्युत्‌भार बांधला जातो की जालक वाकते, हा वाद त्यानेही मिटला नाही.

आमच्या खडकांच्या दृष्टीने याहून निकडीची गोष्ट निराळी आहे. थोडे टायटॅनियम किंवा थोडे ऑक्सिडीकरण हे संक्रमण खाली ढकलते, आणि प्रमाण वाढल्यास पुसून टाकते. म्हणून शिखर नाही, तेव्हा बहुडोमेनी कण नाहीत, हा निष्कर्ष टिकत नाही. स्वतः राधाकृष्णमूर्ती यांनी धनायन-न्यून कणांचा वर्ग वेगळा ठेवला होता. तो विसरला गेला तो वाचकांकडून. लाव्हा निवताना उच्च तपमानावर ऑक्सिडीकरण झाले, तर इल्मेनाइटच्या पट्ट्या अलग होऊन उरलेला भाग जवळजवळ शुद्ध मॅग्नेटाइट बनतो आणि शिखर पुन्हा उमटते. तेव्हा एकाच लाव्हाथरातील दोन धोंडे भिन्न वक्र देऊ शकतात. क्यूरी तपमान आणि सूक्ष्मदर्शकाखालील छेद यांवाचून केवळ शीत वक्रावर कणांचा आकार ठरविणाऱ्या प्रबंधाने निदान चढण व शिखर यांची तपमाने निरनिराळी नोंदवावीत.