थांबायला जागा : गाडीतल्या घरांचे वाङ्मय

पहिल्या रात्रीनंतर सकाळी गादी उचलली, तर खालची प्लायची फळी ओली होती. छत गळत नव्हते. पाइपने पाणी मारून आम्ही ते दोनदा तपासले होते. हे पाणी माझ्या लेकीच्या श्वासाचे होते. बंद गाडीत एक माणूस झोपला, की रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी श्वासातून आणि घामातून हवेत जाते, आणि जिथे गार पत्रा किंवा गार फळी मिळेल तिथे जाऊन बसते. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यातला हिवाळा म्हणजे पाऊसच. महिनाभर खपून आम्ही जुन्या फोर्ड ट्रान्झिटच्या भिंतींत मेंढीची लोकर भरली होती, पण गादीखाली हवा खेळायला जागा ठेवायचे विसरलो होतो.

लेकीने भाड्याची खोली सोडून गाडीत राहायचे ठरवले होते. पगाराचा निम्मा भाग भाड्यात जात होता. मी गेले ती मदतीला, असे सांगत असले तरी खरे म्हणजे तिला परावृत्त करायला. मराठीची निवृत्त प्राध्यापिका, हातात कधी करवत धरलेली नाही. नातेवाइकांना मी फोनवर "ती फिरायला गाडी तयार करतेय" एवढेच सांगत होते. राहायला, हा शब्द तोंडातून निघत नव्हता. माझी घालमेल पाहून तिने अशा घरांविषयीची चार-पाच पुस्तके माझ्या उशाशी आणून ठेवली. "आई, तू आधी वाच, मग बोल." दिवसा मोजमाप, रात्री वाचन असा क्रम सुरू झाला. हा लेख त्यातून आला आहे, आणि त्यातली टीका पुस्तकांइतकीच फळ्यांनीही शिकवलेली आहे.

काम काय शिकवते, ते आधी थोडक्यात सांगते. गाडीत काटकोन कुठेच नसतो. प्रत्येक फळी आधी पुठ्ठ्यावर बेतावी लागते. पत्रा कापला की कापलेल्या कडेला लगेच रंग लावायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. छतातला पंखा हवा बाहेर फेकतो, पण आत यायला दुसरीकडे फट नसेल तर तो नुसता घुमत राहतो. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून तिची जागा घरातल्या माणसाजवळ, उबेत. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत. आणि पाण्याचे वजन! सत्तर लिटरची टाकी म्हणजे सत्तर किलो; ती एका अंगाला ठेवली की गाडी वळणावर त्या अंगाला झुकते. घरात नळ सोडताना पाण्याला वजन असते, हे कुणाच्या मनात येते?

पाण्यावरूनच मला या वाङ्मयाकडे पाहायची रीत सापडली. प्रत्येक पुस्तकाला मी तीन प्रश्न विचारू लागले : पाणी येते कुठून, जाते कुठे, आणि रात्री गाडी उभी कुठे?

जॉन स्टाइनबेक १९६० च्या शरद ऋतूत एका पिकअप ट्रकवर छोटी खोली बसवून घेऊन, चार्ली नावाच्या कुत्र्यासह अमेरिका पाहायला निघाला. ट्रकचे नाव रोसिनांते, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२ मध्ये आले, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळाले. त्यात कपडे धुण्याची एक युक्ती आहे. झाकणाची प्लास्टिकची बादली लवचीक दोरीने टांगायची, तिच्यात कपडे, पाणी नि साबण घालायचा; रस्त्याचे धक्के कपडे धुऊन देतात. वाचताना मी मोठ्याने हसले. इथे लेखक खरोखर गाडीत राहिला आहे, असे वाटते. पण २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा धरला, तारखा नि पत्रे ताडून पाहिली, आणि निष्कर्ष काढला की स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री मोटेल-हॉटेलांत गेल्या, अनेक दिवस पत्नीही बरोबर होती. पन्नास वर्षांनी निघालेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत चरित्रकार जे परिनी यांनीही हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, असे बजावले आहे. मला यात फसवणुकीपेक्षा दुसरेच दिसते. अठ्ठावन्न वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या माणसाला गाडीत रोज झोपणे जमले नाही, आणि ते न जमणे हाच लिहिण्याचा विषय होता. तो त्याने गाळला.

विल्यम लीस्ट हीट-मून अधिक प्रामाणिक वाटतो. नोकरी गेली, संसार मोडला, म्हणून हा प्राध्यापक १९७८ मध्ये फोर्डच्या व्हॅनमधून तेरा हजार मैल फिरला. 'ब्लू हायवेज' (१९८२) च्या सुरुवातीलाच तो गाडीतल्या सामानाची यादी देतो. त्यात प्लास्टिकचे घमेले नि पाण्याचा कॅन हेच त्याचे सिंक, आणि उचलता येणारे शौचालयही आहे. माझ्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या एका यादीत मिळाली. पुढे मात्र तो स्वतःच्या घमेल्यात रमत नाही, भेटलेल्या माणसांचे ऐकतो. जागा कमी असलेल्या लेखकाला हे साधते, असा माझा समज झाला आहे.

मग आली छायाचित्रे. फॉस्टर हंटिंग्टन या तरुणाने २०११ मध्ये नोकरी सोडून जुनी फोक्सवॅगन घेतली, आणि 'व्हॅनलाइफ' हा शब्द जगभर झाला. मागची दारे सताड उघडी, पांढरी शुभ्र चादर, पलीकडे समुद्र. आमची ओली फळी या चित्रांत बसत नाही. त्याच्या छायाचित्रांच्या पुस्तकाचे नावच 'होम इज व्हेअर यू पार्क इट'. गाडी उभी कराल तिथे घर! माझ्या तिसऱ्या प्रश्नाला हे उत्तर इतके सोपे आहे, की प्रश्नच नाहीसा होतो.

तो प्रश्न सोडला नाही जेसिका ब्रूडर यांनी. 'नोमॅडलँड' (२०१७) साठी त्या स्वतः व्हॅन घेऊन, घर गमावलेल्या, म्हातारपणी हंगामी कामांवर फिरणाऱ्या माणसांमागे हिंडल्या. बीट काढणी, कॅम्पग्राउंडची राखण, प्रचंड गोदामांतली रात्रपाळी. कुणाच्या नजरेत न येता शहरात गाडी कशी उभी करायची, याचे अख्खे शास्त्र या माणसांनी तयार केले आहे. खिडक्यांना काळे पडदे, उशिरा यायचे, पहाटे निघायचे, एकाच जागी लागोपाठ दोनदा नाही. क्लोई झाओ यांच्या चित्रपटाने (२०२०) या पुस्तकाला ऑस्करपर्यंत नेले. बादलीचे शौचालय त्यात आहे, रात्री गाडीवर पडणारी थाप आहे, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. तरी एक फरक खटकला. चित्रपटातल्या फर्नला दोनदा घर देऊ केले जाते आणि ती दोन्ही वेळा नाकारते. गाडी हा तिचा स्वभाव ठरतो. पुस्तकातली खरीखुरी लिंडा मे मात्र वाळवंटात स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा घेते, त्यावर स्वतः घर बांधायचे म्हणते. तिला चाके नको आहेत, जमीन हवी आहे. संध्याकाळच्या सुंदर उजेडात हे भांडण विरघळून जाते.

भांडण किती खरे आहे, ते लेकीच्या गावापासून दक्षिणेला दोनेकशे किलोमीटरवरच्या ग्रँट्स पास या लहान शहराने मला शिकवले. तिथल्या नियमात 'छावणी'ची व्याख्या अशी, की राहण्यासाठी म्हणून अंथरूण किंवा शेगडी मांडली, की ती जागा छावणी झाली. मग तिथे तंबू असो की गाडी. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी असे नियम घटनेविरुद्ध नाहीत, असा निर्णय दिला. म्हणजे महिनाभर आम्ही जे घडवले, ती गादी नि ती शेगडी, नेमके त्यानेच गाडीचा गुन्हा होऊ शकतो. रिकामी गाडी निर्दोष. याच्या उलट, शेजारच्या वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिएटलच्या एका खटल्यात सांगितले, की ट्रकमध्ये राहणाऱ्या कारागिराचा ट्रक हे कायद्याच्या अर्थानेही त्याचे घरच. एका नदीच्या अलीकडे घर, पलीकडे छावणी.

इथे मला माझी भाषा आठवली. या पुस्तकांत पानोपानी 'होम' आहे. मराठीत मी त्याला घर म्हणणार नाही, बिऱ्हाड म्हणेन. विंचवाचे असते ते पाठीवर, आणि भाडेकरूचे असते ते दुसऱ्याच्या वाड्यात. दोन्हींत जमीन आपली नसते, हे त्या शब्दाला ठाऊक आहे. साताऱ्यात वर्षानुवर्षे मी वर्गात लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) शिकवले. कैकाड्यांचा संसार गाढवांच्या पाठीवर, मुक्काम गावाबाहेर. सामान किती नि कसे लादायचे, याचे ज्ञान त्या बायांना होते. त्याचे कुणी पुस्तक छापले नाही की छायाचित्र काढले नाही. मी ते आत्मकथन जात आणि दारिद्र्य या अंगाने शिकवत गेले, ते बरोबरच होते. पण मुक्कामाला जागा देणारा कोण, हा धागा विद्यार्थ्यांपुढे मी कधी वेगळा काढून ठेवला नाही. तुलना ताणायची नाही. माझ्या लेकीकडे पदवी आहे, पारपत्र आहे, साताऱ्यात तिची खोली तशीच आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांना यांतले काहीच नव्हते. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी गावाच्या वेशीवरचा संशय गेला नाही. एवढे अंतर राखूनही म्हणते, की अमेरिकेतले हे वाङ्मय 'उपरा'च्या शेजारी ठेवून वाचले, तर कोणती पाने कोरी आहेत ते चटकन दिसते.

फळीखाली आता आम्ही लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत, दीड इंचाची पोकळी आहे. गादी कोरडी राहते. लेकीला एका ओळखीच्या बाईंनी महिना ठरावीक रक्कम घेऊन त्यांच्या अंगणात गाडी लावू दिली आहे. बागेचा नळही वापरू देतात. शेजाऱ्यांपैकी एकाने तक्रार करीन म्हटले आहे, अजून केलेली नाही. माझी सकाळ म्हणजे तिची आदली रात्र. चहाच्या वेळी मी फोन पाहते. परवा तिचा निरोप होता : "आज इथेच आहे." दूरच्या वन्संचा फोन आला, तेव्हा मी सांगितले, ती गाडीत राहते.