पत्ता दिसलाच पाहिजे का?

पत्त्यांची जादू रंगमंचावर आणायची म्हटली की पहिली गाठ पडते अंतराशी. नेहमीचा पत्ता ८८ मिलिमीटर उंच आणि ६३ मिलिमीटर रुंद. २५ मीटरवरच्या खुर्चीतून तो केवढा दिसतो? हात लांब करून चिमटीत धरलेल्या मोहरीएवढा. त्या मोहरीवर इस्पिकचा एक्का आहे की किलवरची सत्ती, हे बाल्कनीतल्या माणसाने कसे ओळखावे? यावर हल्लीची ठरलेली तोड म्हणजे टेबलावर कॅमेरा आणि पाठीमागे भलामोठा एलईडी पडदा. जादूगार शिन लिमने २०१८ साली ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ जिंकले आणि पुढे लास व्हेगासमध्ये जम बसवला, तेव्हा या तोडीला आणखी वजन आले. माझे म्हणणे असे, की पत्ता मोठा कसा करून दाखवायचा इथून सुरुवात केली की प्रयोगाची रचना तिथेच फसते. पत्ता दिसला नाही तरी लोकांना काय कळेल, हे आधी ठरवावे लागते.

पडद्याचा तोटा सांगायला फार जागा नको. प्रेक्षकाची नजर कुठे न्यायची आणि कुठून हलवायची, यातच जादूगाराचे निम्मे कसब; ते आता कॅमेरा धरणाऱ्याच्या हाती जाते. कलावंत मंचावर उभा असतो आणि सभागृह त्याच्या डोक्यावरच्या दहा फुटी बोटांकडे बघत बसते. मग लिमचे काय, असे कोणी विचारील. त्याचे यश खरेच आहे, पण त्याचा प्रयोग मुळातच कॅमेऱ्यासाठी बेतलेला आहे: बोलणे जवळजवळ नाही, संगीत, धूर, संथ हात, आणि चौकटीत केव्हा काय यावे याचा पक्का हिशेब. त्याचे अनुकरण करणारे पडदा भाड्याने आणतात आणि दिवाणखान्यातला प्रयोग त्याखाली जसाच्या तसा मांडतात.

पडदा नव्हता तेव्हा व्हॉडेव्हिल या करमणुकीच्या रंगमंचावरच्या जादूगारांना पंखा सापडला. पंधरा-वीस पत्त्यांचा उघडलेला पंखा काळ्या कोटावर पांढराशुभ्र उठून दिसतो. त्यावरची चिन्हे वाचायची कोणाला गरजच पडत नाही. या प्रकारात कार्डिनीच्या जवळपास जाणारे फार थोडे. वेल्समध्ये १८९५ साली जन्मलेला हा रिचर्ड पिचफर्ड पहिल्या महायुद्धात खंदकात पत्त्यांचा सराव करायचा, तोही थंडीमुळे हातमोजे घालून. पुढे हातमोजे मंचावरही राहिले. एका डोळ्यावर काच, अंगात उंची पोशाख, आणि किंचित चढलेली, असा हा साहेब क्लबातून परतलेला. त्याच्या हातात पत्त्यांचा पंखा उगवतो. वैतागून तो टाकून देतो, आणि पाहतो तर हातात पुन्हा पंखा! पत्ते त्याला नकोच आहेत, पिच्छा सोडत नाहीत ते पत्ते. त्यामुळे दर पंख्याला नवे निमित्त मिळते आणि हसूही येते. नंतरच्या कित्येकांनी त्याचे पंखे तेवढे उचलले, वैताग मागेच राहिला. म्हणून स्पर्धांतल्या मूक प्रयोगांत पहिल्या पंख्याला टाळी पडते आणि सहाव्याला लोक घड्याळ बघतात. कोरियाच्या यू हो-जिनने २०१२ साली ब्लॅकपूलला ‘फिजम’ या जादूच्या जागतिक स्पर्धेचा रंगमंचीय ग्रां प्री पत्त्यांवरच मिळवला, पण तिथली चाल संथ होती. त्याने पत्त्यांची आतषबाजी केली नाही.

याहून भक्कम वाट मला कानाची वाटते. एक जुना खेळ घ्या. दोन प्रेक्षकांना वर बोलावायचे. पहिला मोठ्याने मोजत दहा पत्ते खिशात ठेवतो, दुसराही दहा. थोड्या वेळाने पहिला पुन्हा मोजतो, तर सातच. दुसरा मोजू लागतो. नऊ, दहा… आणि अकरा म्हणताना त्याचा आवाज अडखळतो. बारा. तेरा. पत्ते कोणते होते हे कोणी पाहिलेले नाही, पाहायची गरजही नव्हती. आकडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. जादूगार हॉवर्ड थर्स्टनचे ‘उठणारे पत्ते’ याच जातीचे. नावे प्रेक्षकांनी घ्यायची, आणि ते ते पत्ते कॅटमधून हवेत चढत त्याच्या हातात यायचे. बदामची राणी हे नाव एकदा कानावर पडले की ती हजार डोक्यांत बसते; डोळ्यांना फक्त झेप पाहायची उरते. असा प्रयोग बांधताना बारीकसारीक गोष्टींनाच किंमत येते. वर येणारा माणूस मधल्या वाटेजवळचा असावा, नाहीतर त्याला पायऱ्या चढायलाच मिनिट जाते आणि रंग उतरतो. तो जादूगाराकडे तोंड करून उभा राहतो. त्याला लोकांकडे वळवावे लागते, आणि माइक त्याच्यापाशीही हवा.

बोलका प्रयोग भाषेत अडकतो, हा यावरचा रास्त आक्षेप. पण अर्जेंटिनाच्या जादूगार रेने लावांदने मुख्यतः स्पॅनिशच वापरली. वयाच्या नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. एका हाताने तो पत्ते पिसायचा, आणि याहून हळू करता येणार नाही असे बजावत तोच खेळ आणखी हळू करून दाखवायचा. त्याची कीर्ती त्याच्या भाषेच्या बाहेरही गेली. तिसरी तोड जादूगार रिकी जेची: पत्ता मोठा करता येत नाही ना, मग नाट्यगृह लहान करा. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅमेटने बसवलेला ‘रिकी जे अँड हिज फिफ्टी-टू असिस्टंट्स’ शंभरेक खुर्च्यांच्या नाट्यगृहात झाला. एवढ्या खुर्च्यांत खर्च निघायचा कसा, हे निर्मात्याचे रडगाणे खोटे नाही, आणि प्रत्येक जादूगार काही रिकी जे नसतो. तरी एक पाहण्यासारखे आहे: पत्ते हाताच्या अंतरावर दाखवता येतील अशा त्या जागेतही तो ते कलिंगडावर भिरकावायचा, आणि पत्ता जाड सालीत रुतल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जायचा.