बेथेलचा इतिहास आणि नोंदवह्यांची भाषा

जालन्याजवळच्या बेथेल या प्रेस्बिटेरियन वसाहतीविषयी जे लेखन आपल्याकडे होते, ते वाचून संपले की मनात एकच मूर्ती उरते, ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींची. मूर्ती भव्य आहे, यात वाद नाही. १८४३ साली मुंबईत रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा, १८५४ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चमध्ये पाळक म्हणून दीक्षा, पुढील दशकात जालन्यास प्रयाण, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर वसवलेले गाव, आणि १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घालून केलेली भाषणे. एवढे द्रव्य हाती आल्यावर कोणत्या चरित्रकाराची लेखणी थांबेल? परंतु मंडळीचा इतिहास म्हणजे तिच्या पाळकाचे चरित्र नव्हे, आणि येथेच आमचा आक्षेप सुरू होतो.

जालना परिसरातील या मंडळीत आलेली माणसे प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील होती. त्यांच्याविषयी या लेखनात काय आढळते? संख्या आढळते, अमुक वर्षी इतके बाप्तिस्मे, तमुक वर्षी इतके. क्वचित एखादा हृदयस्पर्शी मृत्यू आढळतो. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. मिशनचे वार्षिक अहवाल स्कॉटलंडमधील देणगीदारांसाठी लिहिले जात असत. ज्याने वर्गणी दिली त्याला पीक किती आले हे सांगावयाचे होते. शेतातल्या मातीचे नाव त्याला नको होते. दोष अहवाल लिहिणाऱ्यांचा फारसा नाही. तो त्यांच्यानंतर आलेल्या इतिहासकारांचा आहे, ज्यांनी अहवाल हाच इतिहास मानला. (आमच्या बाजूचे सव्हॉयाहून आलेले फ्रान्सेलियन मिशनरीही मायदेशी पत्रे धाडीत, आणि घोगरगावच्या मिशनविषयीचे आपले लेखन त्याच वळणावर जाते, हे येथेच नमूद केलेले बरे.)

तुलनेसाठी एक प्रसंग घ्यावा. नारायणरावांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हाही १८४३ साली मिशनऱ्यांकडे आला. प्रकरण मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, मुलगा पित्याच्या स्वाधीन झाला, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर ब्राह्मणसमाजात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले. एका मुलावर न्यायालयाचे कागद, वृत्तपत्रांचे रकाने, पंडितांचे निर्णय! एखादा मांग मुलगा बाप्तिस्म्यानंतर आईबापांकडे परत गेला असता, तर त्याच्यासाठी एक ओळ तरी कोणी खर्च केली असती काय? आणि त्या समाजाला बोलता येत नव्हते असेही नाही. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला, तो बेथेल वसण्यापूर्वी. वाचा होती, ती टिपून ठेवणारी वही नव्हती.

की वही होती, आणि आम्ही ती उघडली नाही? प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत पाळक एकटा कारभार पाहत नाही. मंडळीतून निवडलेले वडील त्याच्यासह बसतात, त्या सभेचे इतिवृत्त लिहिले जाते, आणि वरिष्ठ मंडळ, म्हणजे प्रेस्बिटरी, वेळोवेळी त्या वह्या तपासून सही करते. प्रभुभोजनास कोणास बसू द्यावे, कोणाचे भांडण मिटवावे, कोणाला समज द्यावी, हे सारे त्या सभेपुढे येते. म्हणून अशी वही इतिहासकाराला अहवालापेक्षा शतपट मोलाची. तिच्यात माणसे एकमेकांशी बोलतात, तक्रार करतात, नाकबूल करतात. आपली स्नानसंस्कार नोंदवही मात्र मितभाषी. दिनांक, नाव, आईबाप, वडीलधारी, धर्मगुरूची सही. पुढे समासात दृढीकरण आणि विवाह. ट्रेंट परिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदींविषयी दिलेल्या आज्ञेपासून हा शिरस्ता चालत आला आहे, आणि आजच्या धर्मसंहितेच्या ५३५व्या कलमानुसार महागुरुस्वामी भेटीच्या वेळी त्या वह्या पाहतात. ती वही मनुष्याचे भांडण सांगत नाही. त्याला ख्रिस्तसभेत जन्म मिळाला एवढेच सांगते. दोन्ही पद्धतींना आपापला अर्थ आहे, परंतु एकीवरून दुसरीची उणीव कळते.

नावांचीच गोष्ट पाहा. नारायण शेषाद्री बाप्तिस्म्यानंतरही नारायणच राहिले. बाबा पदमनजी बाबाच राहिले, धनजीभाई नवरोजी धनजीभाईच. फ्री चर्चच्या या रिवाजाचे आपल्याकडे कोणी फारसे कौतुक करत नाही, पण करावयास हवे. आपल्या जुन्या लॅटिन नोंदींत खेड्यातील माणूस योसेफुस होतो, त्याची बायको मारिया होते, आणि गावकरी ज्या नावाने त्यांना हाक मारीत ते नाव कागदावर बहुधा येतच नाही. यावर कोणी म्हणेल की संताचे नाव देणे हा नियमच होता. होता, परंतु १९१७च्या धर्मसंहितेचे ७६१वे कलम सांगत होते की आईबापांनी दिलेले नाव ख्रिस्ती नसेल आणि ते बदलता आले नाही, तर त्याला संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे वहीत लिहावीत. दोन्ही! १९८३ची संहिता तर ख्रिस्ती भावनेला विसंगत नाव नसावे, एवढेच सांगून थांबते. तेव्हा नियमाकडे बोट दाखवून नावाची हानी झाकता येणार नाही.

देवगाव रंगारीसारख्या गावात हा प्रश्न पंडिती राहत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. तेव्हापासून कित्येक कुटुंबांनी शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि धर्मग्रामाच्या वहीत दुसरे नाव ठेवले. त्यांना दुटप्पी म्हणणारे प्रवचनकार आमच्या कानावर आहेत. आम्हास त्यांचे म्हणणे उथळ वाटते. ज्या माणसाला वहीने आधीच दोन नावे दिली, त्याच्याकडून सरकारी कचेरीत एकाच नावाची मागणी करणे सोपे, पोट चालवणे अवघड.

म्हणून बेथेलचा किंवा घोगरगावचा इतिहास नव्याने लिहू पाहणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे की वहीतून आरंभ करा, अहवालातून नव्हे. बेथेलच्या बाबतीत कागद एका ठिकाणी नाहीत. फ्री चर्चच्या परदेशी मिशनचा पत्रव्यवहार एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि मूळ मंडळी १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, म्हणजे वारसाही दोनदा बदलला. तेव्हा स्थानिक पाळकांच्या कपाटाकडे विनयाने जावे लागेल, आणि कॅथलिक धर्मगुरूने तेथे जाण्यात कमीपणा मानू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला साठ वर्षे होऊन गेली.

मात्र वही वाचणे आणि वही छापणे यांत अंतर राखावे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जुन्या नोंदींची पाने जशीच्या तशी छापण्याची हौस अलीकडे वाढते आहे. पणजोबांच्या नावापुढे लिहिलेली जात, आणि पणतूच्या दाखल्यावर लिहिलेला धर्म, ही दोन्ही एका छापील पानावर शेजारी आली, की तालुक्याच्या कचेरीत कोणाला काय भोगावे लागेल याचा विचार संपादकाने करावयाचा असतो. त्या कुटुंबाच्या संमतीवाचून ते पान छापू नये. कुटुंबाने नको म्हटले, तर ते पान वहीतच राहू द्यावे.