वंशावळ आणि निरोप्या

लोणी काळभोरातील एका जुन्या वतनदार घराण्याच्या कुलवृत्तांताचे हस्तलिखित गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे शुद्धलेखन तपासण्यासाठी आले. घराण्याचे नाव मी लिहीत नाही. माझे भांडण त्या घराशी नाही, त्या लेखनप्रकाराशी आहे. हस्तलिखित घेऊन आलेले गृहस्थ वयाने सत्तरीपलीकडचे. माझ्या वडिलांना ते अजूनही 'अरे' म्हणतात, मला मात्र 'सर' म्हणतात. मराठी शिकवणारा गावातलाच पोरगा मिळाला याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता हे मी आधीच सांगून टाकतो.

हस्तलिखित चांगले आहे. मूळ पुरुष, कुलदैवत, देवक, शाखा, उपशाखा, कोण पानशेतच्या पुरात पुण्यात अडकला, कोणाची जमीन मुठेच्या कालव्याने भिजली आणि ऊस आल्यावर माडी कशी चढली, हे सगळे तपशिलाने आले आहे. त्यात एका पावसाळ्यातला एक मृत्यू आहे. घरातला कर्ता माणूस अचानक गेला. 'महारामार्फत रातोरात सोयऱ्यांच्या गावी निरोप धाडले', असे एक वाक्य तिथे येते. त्याच पानावर मयताच्या आवडत्या घोडीचे नाव दिलेले आहे. ती कोणत्या बाजारातून आणली हेही आहे. महाराला नाव नाही.

मी ते वाक्य आजीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुझ्या आज्याचा बाप व्हता त्यो. आधी थेऊर केलं, मग उरुळी, तिथनं यवत. पाऊस काय म्हणत व्हता. सकाळी माघारी आला तर दारात पडलेल्या मढ्याला हात न्हाई लावायचा, लाकडं फोडायची." असे म्हणून तिने त्या घराच्या कोणत्या लेकी कोणत्या गावी दिल्या होत्या ते सांगायला सुरुवात केली. मी हस्तलिखित उघडून तिच्या तोंडून येणारी नावे जुळवत बसलो. तिला एकदाही शाळेचे तोंड पाहायला मिळालेले नाही. दोन ठिकाणी हस्तलिखित चुकलेले होते, ती बरोबर होती. तिला हे सासऱ्याकडून आलेले होते.

कुलवृत्तांत हा वाङ्मयप्रकार आहे असे आपले समीक्षक मानत नाहीत, आणि हीच त्यांची चूक आहे. आपटे, गोखले, बापट, लिमये अशा चित्पावन घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत नेटाने छापले. मॉरीन पॅटरसन ह्या अमेरिकन विदुषीने १९६८ साली त्यांच्यावर एक विस्तृत निबंध लिहून हे ग्रंथ समाजरचनेच्या अभ्यासाचे साधन कसे आहेत हे दाखवले. आपल्याकडे ते लग्न जुळवण्याच्या कामी येतात एवढीच त्यांची दखल. पण ह्या लेखनाची मुळे जुनी आहेत आणि ती भक्तीत नसून भांडणात आहेत. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. आमचा मूळ पुरुष अमुक, त्याने गाव वसवला, त्याचे पुत्र इतके, वडीलपणा आमचा, मानपान आमचा. गोतसभा बसे, साक्षी होत, महजर होई. म्हणजे मराठीतली वंशावळ ही जन्मापासूनच हक्काची मागणी आहे. 'आम्ही कोण' हे सांगताना 'आमचे काय' हेच ती सांगत असते. आजचा कुलवृत्तांत वरकरणी नुसता अभिमान मिरवतो, पण त्याचा सांगाडा करीन्याचाच आहे.

ह्या सांगाड्यात महार कुठे उभा होता? सीमेचा तंटा लागला की शीव दाखवायला महारच लागे, आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. कोणाच्या घरी मर्तिक झाले की निरोप न्यायला महारच लागे. निरोप न्यायचा म्हणजे कोणाची लेक कुठे दिली, कोणाचा भाऊबंद कोणत्या गावी निघून गेला, कोणत्या दोन घरांत सुतक धरले जाते आणि कोणत्या दोन घरांतले तुटले आहे, हे त्याला माहीत असलेच पाहिजे. एक सोयरा चुकला तर शिव्या त्यालाच. साऱ्या गावाची वंशावळ ज्या एका माणसाच्या डोक्यात पाठ असे, त्याला स्वतःला वंशावळ नव्हती. नाव होते तेही गावाच्या तोंडी अर्धे.

मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. महारांची जुनी नावे 'नाक' ह्या शेवटाची. लोणीकंदाच्या पलीकडे कोरेगाव भीमाला जो स्तंभ आहे, त्याच्यावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ही 'नाक' नावे आहेत. महारांची नावे दगडावर लिहावीत असे वाटले ते परक्या कंपनी सरकारला, आणि तेही तिच्यासाठी मेल्यावर. (जाता जाता एक गोष्ट. १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स ह्या इंग्रज डॉक्टराने 'लोनी' गावाचे वर्णन लिहिले, तेव्हाची लोणी ती आमचीच, असे आमच्या गावात मोठ्या ऐटीने सांगतात. ती लोणीकंद आहे. घुर्यांनी १९६० साली पुस्तक लिहिले तेही लोणीकंदावरच. दुसऱ्याची वंशावळ आपल्या नावावर करण्याची हौस गावांनाही असते.)

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत घराण्याचे इतिहास शोधणे हा फार मोठा उद्योग आहे, आणि त्यातही व्हर्जिनियातल्या जुन्या मळेवाल्यांचे वंश शोधणे मानाचे. त्यांतला सर्वांत नामांकित मळेवाला थॉमस जेफर्सन. इंग्रजांची वसाहत असतानाच, १७४३ साली, तो मळेवाल्याच्या घरी जन्मला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत हे वाक्य लिहिणारा हाच, आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांचा मालकही हाच. त्याची 'फार्म बुक' नावाची वही आहे. तीत गुलामांची नावे आहेत, जन्माच्या तारखा आहेत, कोणाला किती कापड, किती मासळी, कोणाला घोंगडे हे आहे. तिथे निदान नाव तरी आहे, असे आपल्याला क्षणभर वाटते. पण ती नावे गुरांच्या नोंदीसारखी आहेत. मालमत्ता हरवू नये म्हणून नाव लिहायचे. बलुतेदारीला तेवढीही गरज नव्हती. महार विकला जात नव्हता, कारण तो पळून जाण्याची जागाच ठेवलेली नव्हती. शेजारच्या गावी गेला तरी तो तिथल्या गावाचा महारच.

ह्या जेफर्सनला सासऱ्याच्या इस्टेटीतून जी माणसे मिळाली, त्यांत सॅली हेमिंग्ज ही लहान मुलगी होती. ती त्याच्या बायकोची सावत्र बहीण होती, कारण सासऱ्याचाच तिच्या आईशी संबंध होता. पुढे जेफर्सनची बायको वारली, आणि सॅलीला मुले झाली. १८०२ साली एका वर्तमानपत्राने ही गोष्ट फोडली. घराण्याने ती कधी मान्य केली नाही. मुले जेफर्सनच्या भाच्यांची, असे नातवंडांनी सांगितले, आणि चरित्रकारांनी ते दीडशे वर्षे प्रमाण धरले. सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज ह्याने १८७३ साली ओहायोतल्या 'पाइक काउंटी रिपब्लिकन' ह्या लहानशा पत्रात आपली हकीकत सांगितली. माझा बाप थॉमस जेफर्सन, असे तो सरळ म्हणाला. इतिहासकारांनी ती 'तोंडी हकीकत' म्हणून बाजूला सारली. मालकाच्या नातवाचे तोंड पुरावा आणि गुलामाच्या मुलाचे तोंड अफवा, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

ज्या १८७३ साली मॅडिसन बोलला, त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. जोतीरावांना मॅडिसन ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ओहायोतला एक सुतार आणि पुण्यातला एक माळी एकाच वर्षी इतिहास कोणाच्या तोंडून ऐकायचा हा प्रश्न उभा करतात, ही गोष्ट मला वर्गात शिकवताना दरवेळी थांबवते.

पुढची कथा थोडक्यात. १९७४ साली फॉन ब्रोडीने मॅडिसनवर विश्वास ठेवून चरित्र लिहिले, पण त्यात तिने त्या संबंधाला प्रेमकथेचा रंग दिला. तो मला पटत नाही. जिला 'नाही' म्हणण्याचा अधिकारच कायद्याने नव्हता, तिच्या 'हो'ला आपण काय म्हणून प्रेम म्हणायचे? १९९७ साली अॅनेट गॉर्डन-रीड ह्या कृष्णवर्णीय कायदेपंडितेने इतिहासकारांनी पुरावा कसा तोलला ह्याचीच उलटतपासणी केली. १९९८ साली रक्ताची चाचणी झाली. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाची जनुके जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळली, भाच्यांशी जुळली नाहीत. मग २००८ साली गॉर्डन-रीडबाईंनी हेमिंग्जांचाच कुलवृत्तांत लिहिला. मळेवाल्याचा नव्हे, मळ्यावरच्या माणसांचा. त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. आणि तरीही २००२ साली, म्हणजे चाचणी होऊन गेल्यावर, जेफर्सनच्या वंशजांच्या मंडळाने हेमिंग्जांना आपल्यात घ्यायचे नाही असाच ठराव केला. प्रश्न घराण्याच्या स्मशानभूमीत जागा देण्याचा होता. स्मशान वेगळे ठेवणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आपल्या वाङ्मयात हेमिंग्जांची बाजू आधीच लिहिली गेली आहे, फक्त तिला आपण कुलवृत्तांत म्हटले नाही. शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४ सालचे. बाप पाटील, आई महार, आणि बापाचे नाव लावायचे तर कोणाचे, हा त्या पुस्तकाचा गाभा. त्यावर टीका झाली ती बहुतेक भाषेच्या आणि धाडसाच्या अंगाने. माझ्या मते त्या पुस्तकाचे खरे कार्य वेगळे आहे. त्याने पाटलांच्या सगळ्या वंशावळींवर शंकेची एक खूण करून ठेवली. ज्या वंशावळीत वाड्याबाहेरची मुले नाहीत ती वंशावळ अपुरी आहे, हे त्यानंतर कोणाला नाकारता येत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'नेही (१९७८) महारवाड्याची नाती, सोयरसंबंध, कोणाचे कोण, हे सारे कागदावर आणले. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) तर 'मी' जवळजवळ नाहीच, सगळा 'आम्ही' आहे. एका वस्तीचा कुलवृत्तांत म्हणून ते पुस्तक वाचून पाहावे. आत्मकथन म्हणून वाचताना जे विस्कळीत वाटते ते तेव्हा नीट लागते.

पण आपल्या बाजूचीही झडती घेतली पाहिजे. अलेक्स हेली ह्याने १९७६ साली 'रूट्स' लिहिले, सात पिढ्या मागे जाऊन आफ्रिकेतला पूर्वज शोधला, आणि जगभरच्या पिचलेल्यांना हुरूप आला. पुढे वंशशास्त्रज्ञांनी कागद तपासले तेव्हा त्यातले बरेच काही टिकले नाही, आणि दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीतला मजकूर उचलल्याबद्दल हेलीला १९७८ साली खटला मिटवावा लागला. आपल्याकडेही हा मोह आहे. अमृतनाकाने बेदरच्या बादशहाची राणी सोडवून आणली आणि बावन्न हक्क मिळवले, ही कथा मीही लहानपणी छाती फुगवून ऐकली आहे. आता तिच्याकडे पाहताना मला तीही करीनाच दिसते. हक्क शाबीत करायला मूळ पुरुष हवा, तर तो बादशहाच्या दरबारात उभा करा. प्रस्थापितांच्या वंशावळीचा साचा घेऊन त्यात आपला राजा बसवायचा. ज्या बावन्न हक्कांचा अभिमान धरायचा, त्यांत मेलेले ढोर आणि मढ्यावरचे कापड होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली, ती ह्याच हक्कांच्या बेडीविरुद्ध. आमच्या घरी निरोपाचे काम १९५६ च्या धर्मांतरानंतर आजोबांनी टाकले, कायद्याने वतन गेले ते १९५९ साली. मधल्या तीन वर्षांत काय झाले ते आजी सांगते, पण हळू आवाजात.

आणि आता वंशावळ आमच्याही दारात आली आहे. जातीचा दाखला आणि पडताळणी हवी तर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्या, १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा द्या. माझ्या वेळी वडील दोन महिने ह्यासाठी फिरले. शेवटी पुरावा मिळाला तो जुन्या कोतवाल बुकात. गावातल्या जन्ममृत्यूची ती नोंदवही. त्या नोंदींच्या खबरा चावडीवर कोण नेत असे? पणजाच. गावात कोण जन्मले, कोण मेले हे तोच सांगायचा, आणि कुलकर्णी लिहायचा. स्वतःच्या मुलाच्या जन्माची खबरही त्याने तशीच, चावडीच्या पायरीखाली उभे राहून दिली असणार. त्या एका ओळीवर मी पदवीधर झालो.

म्हणून ते हस्तलिखित परत करताना मी शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने आणि लेकींच्या गावांच्या दोन चुका निळ्या शाईने दुरुस्त केल्या. 'महारामार्फत' ह्या शब्दाशेजारी समासात पेन्सिलीने पणजाचे पूर्ण नाव लिहिले. गृहस्थांनी ते पाहिले. म्हणाले, "सर, ह्याने पुस्तकाला काय फरक पडतो?" मी म्हणालो, "काका, घोडीच्या नावाने पडतो तेवढाच." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहा झाला. कप सगळे सारखे होते.

पणजाचे नाव मी ह्या लेखात देत नाही. ते आधी त्या पानावर छापले गेले पाहिजे. पुस्तक दसऱ्याला निघेल असे म्हणाले होते. मुद्रिते तपासायला माझ्याकडेच येतील, असेही म्हणाले होते. अजून आलेली नाहीत.