बागेश्रीची रेघ

नकाशावरची ही रेघ गुहागरहून सुटते, कर्नाटक आणि केरळचा किनारा डावीकडे ठेवत दक्षिणेला उतरते, कन्याकुमारीला वळसा घालते आणि श्रीलंकेजवळून बंगालच्या उपसागरात शिरते. रत्नागिरी जिल्ह्यातून वन्यजीवांविषयी आजवर जे वार्तांकन झाले, त्यात मला ही रेघ सर्वांत मोलाची वाटते. ती काढणारीचे नाव बागेश्री. ती ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली गेली. एक बागेश्री, दुसरी गुहा. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये वेळासला प्रथमा आणि आंजर्ल्याला सावनी, तर पुढच्याच महिन्यात गुहागरला रेवा, लक्ष्मी आणि वनश्री या माद्यांना अशीच यंत्रे लावून सोडले होते. कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून हे काम केले.

एखाद्या रचनेचा आस्वाद घेताना ती कशाने घडली ते आधी पाहावे लागते. इथले साधन फार थोडके आहे. कवचावर चिकटवलेल्या यंत्राला एक बारीक अँटेना असते. पाण्याखाली ती मुकी. कासव श्वास घ्यायला वर आले की अँटेना हवेत येते आणि संदेश जातो. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह त्या वेळी माथ्यावर असेल तरच तो पोहोचतो. उपग्रहाला एकाच फेरीत असे काही संदेश मिळाले, तर लहरींच्या बदलत्या वारंवारतेवरून कासवाचे ठिकाण काढता येते. नकाशावरचा एकेक ठिपका म्हणजे वर येऊन घेतलेला श्वास. मला या रचनेत सर्वांत देखणी वाटते ती ही गोष्ट. जगण्यासाठी जे करावेच लागते, तेवढ्यातूनच ही बातमी निघते. त्यासाठी कासवाला वेगळे काहीच करावे लागत नाही.

पण दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा कासवाची नव्हे. ती आखणाऱ्याने ओढलेली. मधल्या काळात कासवीण किती खोल गेली, कुठे चरली, कुठल्या जाळ्याच्या कडेने निसटली, यांतले काहीच त्या सरळ रेषेत नाही. ठिपके दाटीने पडले असतील तिथे ती रेंगाळली, विरळ असतील तिथे एक तर भरभर गेली किंवा संदेश हुकले. नकाशाचा चांगला वाचक आधी ठिपके वाचतो आणि रेषेला पुरावा मानायची घाई करत नाही. शांततेच्या बाबतीतही तेच. लक्ष्मीचा संदेश काही आठवड्यांतच थांबला. बॅटरी संपली, अँटेना मोडली, यंत्र गळून पडले की कासवच उरले नाही, हे नकाशा सांगत नाही. एखादी रेघ थांबली की लगेच शोकाची बातमी लिहायचा मोह होतो. तो आवरणे हाही या वाचनाचाच भाग आहे.

या रेघेआधी कोकणाला कासव किती माहीत होते? २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी उकरून विकली जात. मग गावातलीच माणसे पहाटे किनाऱ्यावर माग काढू लागली, अंडी कुंपणाच्या आत हलवू लागली, साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले समुद्राकडे सोडू लागली. वाळूवरचा फ्लिपरचा ठसा वाचणारी ही माणसे, आजचे कासवमित्र, आपल्या परीने उत्तम वाचकच आहेत. पण मादी वाळूवर असते जेमतेम तासभर. नर तर आयुष्यभर किनाऱ्यावर येतच नाही. आपण जे राखत होतो ते तिच्या आयुष्यातले एक पान. उरलेले पुस्तक पाण्यात होते.

जगभर हे पुस्तक वाचायचा प्रयत्न झाला तो आधी पायांनी आणि पत्रांनी. आर्ची कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात कोस्टा रिकाच्या टोर्टुगेरो किनाऱ्यावर कासवांना खुणेचे बिल्ले लावले आणि बिल्ला परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवले. दूरदूरच्या कोळ्यांची पत्रे येऊ लागली. पण आपल्याला अधिक जवळचे सतीश भास्कर. १९७७ पासून त्यांनी भारताचे किनारे अक्षरशः चालून काढले, चार हजार किलोमीटरहून अधिक, केवळ कासवे कुठे अंडी घालतात ते पाहण्यासाठी. १९८२ चा पावसाळा त्यांनी लक्षद्वीपमधल्या निर्जन सुहेली बेटावर एकट्याने काढला. पावसाळ्यात तिथे होडी पोहोचत नाही. पत्नीला लिहिलेले पत्र त्यांनी बाटलीत घालून समुद्रात सोडले. ते २४ दिवसांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडले आणि त्या भल्या माणसाने ते टपालाने पुढे धाडले. भास्कर उत्तरायुष्यात गोव्यात राहिले आणि २०२३ मध्ये वारले. त्याच वर्षी बागेश्रीची रेघ दक्षिणेला उतरत होती.

त्या बाटलीचा मार्ग आणि बागेश्रीची रेघ शेजारी ठेवून पाहिली की नकाशा एकदम बोलू लागतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि श्रीलंकेखालून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे, वळतो. बाटली निमूट त्याच्याबरोबर गेली. बागेश्रीही पावसाळ्यातच त्या दिशेला गेली. या रेघेत तिची इच्छा किती आणि पाण्याची ओढ किती? एकटी रेघ हे उत्तर देत नाही; पण हा प्रश्न मनात धरून वाचली तर ती सपाट राहत नाही. विलंबित ख्यालात तानपुऱ्याचे सूर आणि गायकाचा सूर वेगळे ओळखता यायला कान तयार लागतो, तसे इथे आहे.

या रेघेखाली पंचांग ठेवावे, म्हणजे तिचा दुसरा, अधिक काळजीचा अर्थ दिसतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. पावसाळ्यात दक्षिणेला उतरणारे कासव बंदीच्या पाण्यातून जाते. कन्याकुमारी ओलांडून ते जुलैमध्ये पलीकडे पोहोचले, तर तिथली बंदी संपलेली असते. मासे वाढावेत म्हणून आखलेली ही बंदी कासवालाही सांभाळते, पण फक्त अर्ध्या वाटेपर्यंत. ट्रॉलच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही. जाळ्याला कासव निसटण्याची खिडकी जोडता येते, तिचा वापर व्हायला हवा आणि तो सगळ्या वाटेवर व्हायला हवा. एका जिल्ह्याने कितीही मनापासून घरटी राखली, तरी ही रेघ त्या जिल्ह्याची हद्द पहिल्या काही दिवसांतच सोडते.

बागेश्रीने गेलेली वाट दाखवली. उलट वाटेचा पुरावा जानेवारी २०२५ मध्ये गुहागरलाच मिळाला. अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या फ्लिपरवर ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला होता. तो २०२१ मध्ये ओडिशातल्या गहिरमाथ्याला लावलेला. मधले अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. या वार्तांकनात ठिपके दोनच, मध्ये जवळजवळ चार वर्षे कोरी. तरी बागेश्रीची रेघ आधी वाचलेली असल्यामुळे ते दोन ठिपके कसे जोडायचे याचा अंदाज बांधता आला. पूर्वेची कासवे पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला, ही सोपी विभागणी आता धरून बसता येणार नाही.

रत्नागिरीत लावलेली सातही यंत्रे माद्यांच्या पाठीवर होती, कारण वाळूवर त्याच येतात. नराला गाठायचे तर होडीतून समुद्रात जावे लागेल. जिल्ह्याच्या या नकाशावर त्याची रेघ अजून पडलेली नाही, आणि पुढचे यंत्र त्याच्यासाठी राखून ठेवावे असे मला फार वाटते.