टेबलातले २० ग्रॅम: प्रमाण मानलेलं पुस्तक कसं वाचावं?

संशोधनाची सुरुवात करताना प्रत्येकाच्या हाती त्याच्या विषयातलं एक 'प्रमाण' पुस्तक येतं. सगळे त्याचाच हवाला देतात, म्हणून आपणही देतो. मी चाऱ्यातल्या खनिजांवर काम करतो, त्यामुळे माझ्या हाती आलं 'न्यूट्रिअंट रिक्वायरमेंट्स ऑफ हॉर्सेस'. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने काढलेलं हे पुस्तक घोड्याला रोज काय आणि किती लागतं ते सांगतं. सध्या वापरात असलेली सहावी आवृत्ती २००७ ची, त्याआधीची १९८९ ची. आज या पुस्तकाचं थोडं परीक्षण करूया. तुम्ही घोड्यांवर काम करणार नसाल तरी वाचा, कारण मी केलेली चूक कुठल्याही विषयात होऊ शकते.

आधी चांगलं काय ते सांगतो. ५०० किलोच्या, काम नसलेल्या घोड्याला दिवसाला किती पचनीय ऊर्जा लागते? १९८९ च्या आवृत्तीत याचं एकच उत्तर होतं, १६.४ मेगाकॅलरी. २००७ मध्ये त्याचे तीन आकडे झाले: शांत, फार हालचाल न करणाऱ्या घोड्याला १५.२, सर्वसाधारण घोड्याला १६.७ आणि सतत अस्वस्थ असणाऱ्याला १८.२. एकाच वजनाच्या दोन घोड्यांत ३ मेगाकॅलरींचा फरक पडू शकतो, हे टेबलानेच कबूल केलं. पागेतल्या मोतद्दाराला ही गोष्ट कायम माहीत होती. पुस्तकाने ती आकड्यांत मांडली. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

पण कॅल्शियमच्या रकान्यात हा मोकळेपणा दिसत नाही. तिथे त्याच घोड्यासमोर फक्त २० ग्रॅम लिहिलेलं आहे.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका पागेसाठी खुराकाची एक्सेल शीट बनवली. चारा हायब्रिड नेपियरचा, चंदीत गव्हाचा कोंडा. चाऱ्यातलं कॅल्शियम मोजलं, बेरीज केली, आकडा २० च्या बराच वर गेला आणि मी त्या रकान्याला हिरवा रंग दिला. गाइडनी शीट पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "हे २० आले कुठून?" मी म्हणालो, "पुस्तकातून." त्या म्हणाल्या, "मग पुस्तकात कुठून आले?"

मला उत्तर देता आलं नाही. मग टेबल सोडून आतलं प्रकरण वाचायला घेतलं.

आकडा असा तयार होतो. घोड्याच्या शरीरातून दर किलो वजनामागे रोज सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियम अटळपणे बाहेर पडतं. ५०० किलोला हे झाले १० ग्रॅम. आता खाल्लेल्या कॅल्शियमपैकी ५० टक्के शोषलं जातं असं धरा. १० ग्रॅम भरून काढायला २० ग्रॅम खायला हवेत. झालं! फॉस्फरसचं गणितही असंच: दर किलो १० मिलिग्रॅम नुकसान, ३५ टक्के शोषण, म्हणून रोज सुमारे १४ ग्रॅम. यामागे कॉर्नेल विद्यापीठात हिंट्झ आणि श्रायव्हर यांनी १९७० च्या दशकात केलेल्या कामाचा मोठा वाटा आहे, आणि त्यातलं बरंचसं पोनींवर झालेलं आहे. काम उत्तम आहे, पण माझा हिरवा रकाना उभा होता तो त्या '५० टक्के' या गृहीतकावर.

आता नेपियरकडे या. नेपियर, सिटारिया, बफेल यांसारख्या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात जवळपास विरघळत नाही. गाई-म्हशींच्या कोठीपोटातले जिवाणू बरंचसं ऑक्झलेट आधीच फोडतात, म्हणून त्यांचं फारसं बिघडत नाही. घोड्यात जिवाणूंचं मुख्य काम मोठ्या आतड्यात चालतं आणि कॅल्शियमचं शोषण मुख्यतः त्याच्या आधी, लहान आतड्यात होऊन जातं. म्हणजे मदत पोचते तेव्हा गाडी सुटलेली असते.

उदाहरण म्हणून गणित करा. घोडा दिवसाला ८ किलो शुष्क चारा खातो, त्यात ०.४ टक्के कॅल्शियम आहे, तर झाले ३२ ग्रॅम. टेबलाच्या हिशेबाने पास. त्याच चाऱ्यात २ टक्के ऑक्झलेट असेल तर ते होतं १६० ग्रॅम. कॅल्शियम आणि ऑक्झलेटचं गुणोत्तर ०.२ येतं, आणि ते साधारण ०.५ च्या खाली गेलं की धोका मानतात. यात भर म्हणून २ किलो कोंडा घाला. त्यात कॅल्शियम जेमतेम २.५ ग्रॅम आणि फॉस्फरस २० ग्रॅमच्या पुढे. दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस एकट्या कोंड्यातून आला, आणि जादा फॉस्फरस कॅल्शियमचं शोषण आणखी अवघड करतो.

परिणाम काय होतो? रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढतं. हाडं पोकळ होतात, घोडा लंगडतो, जबड्याची हाडं सुजून डोकं मोठं दिसू लागतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अशाच गवतांवर चरणाऱ्या घोड्यांत हा आजार आढळला आणि १९७६ मध्ये त्यावर पेपरही आला. यातली फसवी गोष्ट अशी की रक्ताची तपासणी बऱ्याचदा नॉर्मल येते. टेबल म्हणतं ठीक, रिपोर्ट म्हणतो ठीक, आणि घोडा मात्र लंगडतो.

मग पुस्तक चुकलं का? इथे न्याय करायला हवा. ऑक्झलेटचा उल्लेख पुस्तकात आहे, कॅल्शियमच्या विवेचनातच आहे. वाचला नव्हता तो मी. तरीही माझी तक्रार शिल्लक राहतेच. लोक वापरतात टेबल, आणि अट राहते मजकुरात. ऊर्जेसाठी तीन ओळी देणाऱ्या संपादकांना कॅल्शियमच्या आकड्याखाली 'शोषण ५० टक्के धरून' एवढी तळटीप देता आली असती. उष्ण प्रदेशातल्या वाचकासाठी ती तीन-चार शब्दांची ओळ अख्ख्या प्रकरणाइतकी मोलाची ठरली असती.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. नेपियर बहुतेक दुधाळ जनावरांसाठी लावलेलं असतं आणि घोड्यापुढेही तेच पडतं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे खुराकही आपण याच टेबलाशी ताडून पाहतो. मी ती शीट बदलली: ऑक्झलेटचा रकाना वाढवला, कोंडा कमी केला, नेपियरचा काही भाग काढून लसूणघास आणि वाळलेलं साधं गवत घातलं, वर चुनखडीची भुकटी. हिरवा रंग मात्र आता सहजासहजी देत नाही.

तेव्हा तुमच्या विषयातलं प्रमाण पुस्तक उघडाल तेव्हा एवढं करा. सगळ्यात जास्त वापरला जाणारा एक आकडा निवडा आणि तो कोणत्या प्राण्यांवर, कोणत्या खाद्यावर, काय गृहीत धरून आला ते एका कागदावर लिहून काढा. दोन दिवस जातील. मला हे दोन दिवस पहिल्या वर्षी काढता आले असते, तर एक चुकीची शीट पागेपर्यंत गेली नसती.