चौदा अक्षरांचा पहारा

सोयाबीनची मळणी आटोपली की वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुटाराचे ढीग उभे राहतात. काही कुटार गुरांपुढे जातं, बाकीचं शेणासोबत उकिरड्यावर. मुरणारा उकिरडा आतून तापतो, हिवाळ्यात सकाळी उकरला तर वाफ निघते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ती ऊब ज्या सूक्ष्मजीवांची, त्यांच्या कुजवण्याच्या ताकदीचं कौतुक पुष्कळ होतं. मला मोह पडतो तो ती ताकद कधी वापरायची आणि कधी आवरायची, या त्यांच्या जाणिवेचा.

कुटाराचा सांगाडा सेल्युलोजचा. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडलेले, प्रत्येक जण शेजाऱ्याच्या मानानं अर्धा फेरा वळलेला. अशा साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, पाण्यात विरघळत नाहीत, पेशीत शिरत नाहीत. त्या तोडायच्या तर विकरं पेशीबाहेर सोडावी लागतात. विकर म्हणजे प्रथिन, प्रथिनाला नत्र लागतं आणि वाळल्या काडीत नत्र बेताचंच. समोर सेल्युलोज नसताना विकरं सोडणं ही जिवावर बेतणारी उधळपट्टी ठरेल. पण जो पदार्थ आत येऊच शकत नाही, तो बाहेर पडलेला आहे हे आतल्या जनुकांना कळावं कसं?

थर्मोबिफिडा फुस्का या जिवाणूचं उत्तर पाहा. पन्नास अंशांच्या आसपास रमणारा हा जीव, तापलेल्या खताच्या ढिगातला जुना रहिवासी. थोडी विकरं तो सदैव बाहेर राखतो. कुठे सेल्युलोज भेटलं तर त्यातून सेलोबायोजचे तुकडे सुटतात, म्हणजे ग्लुकोजची जोडी. हा तुकडा विरघळतो आणि आत येतो. इथली बारीक गोष्ट नजरेतून निसटू नये. नुसतं ग्लुकोज कुठूनही आलेलं असू शकतं, अगदी स्टार्चमधूनही. अर्ध्या फेऱ्याची ती वळणदार जोडी मात्र सेल्युलोजची खूण घेऊनच येते. जिवाणूनं निरोप्या निवडला तो असा, की त्याच्या अंगावरच गावाचं नाव कोरलेलं.

निरोप पोचतो सेल-आर या प्रथिनाकडे. कॉर्नेल विद्यापीठात स्पिरिडोनोव आणि डेव्हिड विल्सन यांनी 1999 साली त्याची ओळख पटवली. सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या सहा जनुकांच्या तोंडाशी डीएनएची चौदा अक्षरांची एक जागा आहे: टी-जी-जी-जी-ए-जी-सी, जी-सी-टी-सी-सी-सी-ए. डीएनएच्या दोन धाग्यांत ए समोर टी आणि जी समोर सी असतो, हे ध्यानात ठेवून समोरचा धागा उलट्या दिशेनं वाचून पाहा. अक्षर न् अक्षर तेच! ही समरूपता शोभेसाठी नाही. सेल-आर याच जागेवर बसून जनुकं गप्प ठेवतं. त्याच्या घराण्यातली प्रथिनं जोडीनं बसतात, एकानं एक अर्ध धरायचं, दुसऱ्यानं दुसरं. म्हणून दोन्ही अर्धं सारखी हवीत. सेलोबायोज येऊन चिकटला की सेल-आरची पकड सुटते, पहारा उठतो आणि जनुकं बोलू लागतात. विकराच्या कामातून सुटलेला तुकडाच आणखी विकरं मागवतो. इतकी आटोपशीर रचना क्वचितच पाहायला मिळते.

आवरण्याचीही सोय आहे. सहज पचणारी साखर हाताशी असेल तर विकरांची निर्मिती दाबली जाते.

क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलमची तऱ्हा निराळी, आणि माझा कौल तिलाच. साठ अंशांच्या उष्णतेत, हवेवाचून जगणारा हा जिवाणू बहुतेक विकरं सुटी सोडत नाही. एका लांब प्रथिनावर ती ओळीनं बसवतो आणि तो सगळा जुडगा पेशीच्या अंगावर वागवतो. बायर आणि लामेड यांनी 1983 साली या रचनेला सेल्युलोसोम म्हटलं. पुढे 2010 साली तिच्या नियमनाचा एक धागा उलगडला. पेशीच्या पडद्यात आरपार बसलेली काही प्रथिनं सापडली. त्यांचं बाहेरचं टोक वनस्पतीच्या पेशीभिंतीला स्पर्श करतं, आतलं टोक जनुकं चालू करणाऱ्या एका घटकाला धरून ठेवतं. बाहेर स्पर्श झाला की आतली पकड सैल. एकाचं टोक सेल्युलोज ओळखतं, दुसऱ्याचं त्याच भिंतीतलं झायलन, तिसऱ्याचं पेक्टिन. तुकडा सुटून आत येण्याचीही वाट पाहावी लागत नाही. समोरची काडी कशाची बनली आहे, हे हा जीव अंगाला लावून पारखतो.

कुटार लवकर कुजावं म्हणून गुळाच्या पाण्यात जिवाणू वाढवून शिंपडण्याची पद्धत आता आपल्याकडे रुळली आहे. संख्या वाढवायला गूळ उपयोगी, यात शंका नाही. पण असं द्रावण वापरताना ते पुरतं मुरू द्या आणि ढिगावर वरून आणखी गूळ ओतू नका. गोड हाताशी असेपर्यंत हे जिवाणू काडी तोडायच्या फंदात सहसा पडत नाहीत.